खून एक, फक्त आवाज

फॉर्ममधला एकही रकाना कोरा सोडायचा नाही, ही सवय मला अमेरिकेनं लावली. पहिल्या व्हिसाच्या वेळी वकीलबाईंनी बजावलं होतं, "लागू नसेल तिथे 'लागू नाही' असं लिही, पण कोरं ठेवू नकोस. कोरं दिसलं की त्यांना प्रश्न पडतो, आणि त्यांना प्रश्न पडला की सहा महिने तुझी झोप जाते." मी ते इतकं मनावर घेतलं, की नागरिकत्व मिळून चार वर्षं झाली तरी सुटलं नाही. दातांच्या डॉक्टरच्या फॉर्मवर शेवटी 'आणखी काही?' असं उगाच विचारलेलं असतं. तिथे मी 'पेरू खाताना, डावीकडे' असं लिहून आले आहे.

त्यामुळे मॉरिसव्हिलमधल्या आमच्या वसाहतीचं क्लबहाऊस एका शनिवारी हवं होतं, तेव्हा 'कार्यक्रमाचं स्वरूप' या रकान्यात मी जे होणार होतं तेच लिहिलं : 'खून. एक.' पुढे विचारलं होतं, शस्त्रं असतील का? मी लिहिलं, 'हातोडी, एक. फक्त आवाज.' प्राणी असतील का? 'कुत्रा, एक. फक्त आवाज.'

यात माझं काय चुकलं ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. पण चाळीस मिनिटांत असोसिएशनच्या मॅनेजरबाईंचा, डेबराचा, फोन आला. आवाज फार हळुवार होता. "नीलांबरी, घरी सगळं ठीक आहे ना? जवळ कोणी आहे का तुझ्या?"

जवळ परीक्षित होता. पण तो 'दोन मिनिटांत येतो' म्हणून गॅरेजमध्ये गेला होता. म्हणजे सरासरी एकोणीस मिनिटं. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते, त्यामुळे माणसांच्याही नोंदी आपोआप होत राहतात : दोष कोणता, कुठल्या परिस्थितीत दिसतो, पुन्हा करून दाखवता येतो का. नवऱ्याच्या बाबतीत येतो.

पण हे असं मधूनच सांगत बसले तर तुम्हीही हळुवार आवाजात बोलायला लागाल. वॉल्टरसाहेबांपासून सांगते.

वॉल्टर आमच्या डावीकडच्या घरात राहतात. वय अठ्ठ्याऐंशी. एकटे. सगळी नोकरी पोस्टात, पत्रं वेगळी करण्यात गेली. दहा वर्षांपूर्वी दृष्टी गेली, पण कान असे की मी ड्राइव्हवेवर गाडी आणली की कुंपणापलीकडून म्हणतात, "मागचा उजवा टायर, नीलांबरी." आणि खरंच हवा कमी असते.

मे महिन्यात माझे वडील एकनाथराव साताऱ्याहून आले. पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का, परतीचं विमान नऊ नोव्हेंबरचं. बाबा छत्तीस वर्षं कोर्टात बेंच क्लार्क होते. न्यायाधीशांच्या पुढ्यात, एक पायरी खाली बसून त्यांनी दुसऱ्यांचे शेकडो निकाल लिहून घेतले, स्वतःचा एकही दिला नाही. घरात तर नाहीच. तिथे आई होती. तीन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून बाबा बोलायचेच कमी झाले होते.

इथे येणाऱ्या आईवडिलांचं मुख्य दुखणं म्हणजे दुपार. सकाळी फेरफटका होतो, संध्याकाळी आपण घरी येतो. मधली दुपार एवढी लांबलचक असते की चांगली धडधाकट माणसं पडद्याच्या फटीतून रस्त्यावरच्या गाड्या मोजायला लागतात. बाबा चौथ्या दिवशी मोजायला लागले होते. पाचव्या दिवशी त्यांना दिसलं की शेजाऱ्यांनी कचऱ्याचा डबा एक दिवस आधीच बाहेर काढलाय. ते कुंपणाशी गेले आणि आपल्या कोर्टातल्या इंग्रजीत म्हणाले, "सर, इट इज हम्बली सबमिटेड दॅट द ट्रॅश डे इज टुमारो."

वॉल्टर म्हणाले, "सो ऑर्डर्ड." डबा आत गेला. बाबाही त्यांच्यामागे आत गेले, ते थेट सहा वाजता परत आले.

वॉल्टरकडे खोकाभर कॅसेट होत्या. फार जुन्या रेडिओवरची गुप्तहेरमालिका. लुथर पेनिंग नावाचा एक खाजगी गुप्तहेर, दर मंगळवारी रात्री एक खून, अर्ध्या तासात छडा. मध्ये साबणाची जाहिरात. सुरुवातीला दार करकरणार, बुटांचे आवाज येणार आणि पेनिंग घोगऱ्या आवाजात म्हणणार, "सत्य थांबू शकतं. मी नाही."

तेव्हापासून रोज चार वाजता बाबा थर्मासमध्ये चहा आणि डब्यात चिवडा घेऊन शेजारी जायचे. वॉल्टर चिवड्याला 'सीरियल' म्हणत, जणू सकाळचे कॉर्नफ्लेक्सच, आणि चमच्यानं खात. कॅसेट संपली की दोघं साक्षीपुरावा तपासायचे. बाबांच्या मते पेनिंग पंचनामा न करता वस्तू हाताळतो, हे अत्यंत बेकायदेशीर होतं. मी ऑफिसचं काम घरूनच करते. खिडकीतून ऐकू यायचं, "ऑब्जेक्शन, वॉल्टरसाहेब!" आणि पलीकडून, "ओव्हररूल्ड, एक्नाथ!" तीन वर्षांत बाबांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खोक्यातली शेवटची कॅसेट निघाली.

मालिकेचा शेवटचा भाग. बोर्डिंग हाऊसच्या दिवाणखान्यात पियानो दुरुस्त करणारा माणूस मरून पडलाय, त्याच्याच हातोडीनं मारलाय. संशयित तीन : घरमालकीण, डॉक्टर आणि घरमालकिणीचा भाचा. पेनिंग तिघांना दिवाणखान्यात उभं करतो. बाहेर कुत्रं भुंकतं. पेनिंग म्हणतो, "तुमच्यापैकी एकजण आज माझ्याशी खोटं बोलला, आणि ती व्यक्ती म्हणजे—"

आणि टेप संपते. जगात या भागाची एवढीच टेप आहे, म्हणे.

"मी बारा वर्षांचा होतो," वॉल्टरनी बाबांना सांगितलं. "रेडिओवर ऐकत होतो. बरोब्बर इथेच आईनं प्लग काढला. तिला माझा शाळेचा शर्ट इस्त्री करायचा होता, आणि भिंतीत प्लगला जागा एकच. पुढच्या मंगळवारी मालिका नव्हती. पुढे कधीच नव्हती." मग हसून म्हणाले, "शहात्तर वर्षं झाली, एक्नाथ. पोस्टात मी एक पत्र पत्त्याविना राहू दिलं नाही. हे एकच राहिलं."

बाबा उठून उभे राहिले. "वॉल्टरसाहेब, मी जाण्यापूर्वी या प्रकरणाचा निकाल लागेल. धिस इज माय अंडरटेकिंग."

बाबांनी हमी द्यायची आणि ती मी निभवायची, ही नोंद माझ्याकडे लहानपणापासून आहे.

मी शोधलं. जुन्या रेडिओचे शौकीन जिथे भांडतात त्या सगळ्या ठिकाणी विचारलं. एकानं सांगितलं, मालिकेच्या लेखकाचे कागद एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून आहेत. त्यांचा फॉर्म भरला. सगळे रकाने. 'संशोधनाचा उद्देश' : 'वडिलांनी शब्द दिलाय.' उत्तर तत्काळ आलं, पण यंत्राचं : आठ ते बारा आठवडे लागतील. आमच्याकडे पाच होते.

"मग निकाल आपण लावू," बाबा म्हणाले. "पुरावा पुरेसा आहे. डॉक्टर. तो सुरुवातीला म्हणतो की आज दिवाणखान्यात पाऊलही टाकलं नाही. आणि नंतर सहज बोलून जातो की पियानोची एक पट्टी मुकी आहे. ती पट्टी खुनाच्या झटापटीत तुटली. याला कसं कळलं? तू लिही शेवट. तुझ्या मराठी मंडळाच्या माणसांकडून करून घे. वॉल्टरसाहेबांना रेडिओवर ऐकू आलं पाहिजे. माझ्या तोंडून नको. माझ्या तोंडून ते माझं मत होतं. रेडिओवर आलं की निकाल."

मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं : 'रेडिओ नाटक, इंग्रजीत. श्रोता मुख्यतः एक.' तासाभरात एकतीस सल्ले आणि तीन नट मिळाले. एकानं सुचवलं, शेवटी आरती ठेवा. एका काकूंनी विचारलं की रेडिओच आहे तर नऊवारी नेसायची का. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की जेवणाशिवाय लोक येणार नाहीत, तेव्हा प्रत्येकानं एक पदार्थ आणावा. श्रोता मुख्यतः एक, पण पदार्थ सव्वीस.

आमची आन्या सोळा वर्षांची. तिचं इंग्रजी इथलं, म्हणून ती लुथर पेनिंग. मराठीतून विचारलं की ती इंग्रजीतच उत्तर देते. "फाइन, मॉम. बट आय ॲम नॉट डूइंग इट फॉर यू. आय ॲम डूइंग इट फॉर वॉल्टर." नकुल हार्डवेअर इंजिनीअर, तो भाचा झाला आणि शिवाय सगळे आवाज त्यानं अंगावर घेतले. शोभनाकाकू घरमालकीण. वय अडुसष्ट, भजनी मंडळ चालवतात, आवाज असा की त्यांनी भाजीचा भाव विचारला तरी हात जोडावेसे वाटतात. आणि डॉक्टर म्हणजे नागपूरचा कुमार, जो कुत्राही करणार होता. परीक्षित साबणाची जाहिरात. लेखिका म्हणून माझ्यासाठी काय उरलं? प्रेत. रेडिओवरचं प्रेत म्हणजे काय असतं याचा विचार करा. एक 'आह' आणि एक धप्प. त्यातला धप्पसुद्धा नकुल गव्हाच्या पिठाच्या पोत्यावर घेणार होता. "ताई, तुमचा धप्प कन्व्हिन्सिंग येत नाही," असं त्यानं मला चारचौघांत सांगितलं.

पहिल्या तालमीला कुमारनं शेवटचं पान वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"ताई, मी खून नाही करणार."

"अरे, तू डॉक्टर आहेस. डॉक्टरनंच केलाय."

"केला असेल. पण इथे मी बोलतोय, 'येस, आय किल्ड हिम.' आणि नकुल रेकॉर्ड करतोय."

"मग?"

"माझं ग्रीन कार्ड अकरा वर्षं लायनीत आहे, ताई. त्या फॉर्मवर एक प्रश्न आहे बघा : असा कुठला गुन्हा केला आहे का, ज्यासाठी तुम्हाला अटक झाली नाही? आता मी काय लिहू? 'नो' लिहिलं आणि हे रेकॉर्डिंग कुठे निघालं तर?"

तुम्ही हसाल. खोलीत कोणी हसलं नाही. कारण तो प्रश्न तिथल्या प्रत्येकानं कधी ना कधी रात्रभर जागून वाचला होता. मी स्वतः त्याच्याखाली 'नाही' लिहिताना आठवीत मैत्रिणीच्या बागेतून आणलेल्या कैऱ्यांचा विचार केला होता.

"बरं, मग भाचा," मी म्हटलं.

नकुलनं पिठाच्या पोत्याकडे बघितलं. "ताई, माझी व्हिसा रिन्यूअल जानेवारीत आहे. मी धप्प करतो. कबुली नको."

आन्या म्हणाली, "यू गाइज आर अनबिलीव्हेबल."

"तुला काय जातंय बोलायला? तू जन्मलीस इथे," कुमार म्हणाला.

तेव्हा कोपऱ्यातून भजनाच्या सुरात आवाज आला. "मी करते की खून. मला तीस वर्षं झाली सिटिझन होऊन. माझं सगळं झालंय बाई."

अशा रीतीनं खुनी कोण हे पुराव्यावरून नाही, तर कोणाचे कागद पूर्ण झालेत त्यावरून ठरलं. मी रात्री बसून शोभनाकाकूंना हेतू दिला : पियानो दुरुस्त करणाऱ्यानं त्यांच्या पियानोला भंगार म्हटलं होतं. काकूंना तो फारच पटला. "बरोबर आहे. माझ्या पेटीला कोणी म्हणालं असतं तर मीसुद्धा."

बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. ताट बाजूला सारलं नाही, पण आमटी वाढू दिली नाही. "म्हणजे निर्दोष बाईला शिक्षा."

"बाबा, नाटक आहे."

"वॉल्टरसाहेबांसाठी नाही."

हे वाक्य मी नोंदींत टाकलं.

आता डेबरा. फोनवर मी तिला समजावलं की खून एकोणीसशे एकोणपन्नास सालचा आहे. तिला वाटलं, मी जुना गुन्हा कबूल करतेय. मग असोसिएशनच्या सभेत हजर राहायला सांगण्यात आलं. तिथे पाच माणसं लांब टेबलामागे बसली होती आणि माझा फॉर्म मधोमध ठेवला होता. खुनाचा प्रश्न पाच मिनिटांत मिटला. हातोडीचा दोन मिनिटांत. कुत्र्यावर मात्र पस्तीस मिनिटं गेली.

"कुत्र्याचं लसीकरण प्रमाणपत्र जोडलेलं नाही," डेबरा म्हणाली.

"कुत्रा नाही आहे. आवाज आहे."

"कुणाचा?"

"कुमारचा."

"कुमार ही कुठली जात?"

मी खरं ते सांगितलं, की कुमार सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. मग त्यांनी दुरुस्तीचा फॉर्म दिला आणि मी लिहिलं : 'कुत्रा म्हणजे श्री. कुमार, वय ३८.' हे कुमारला कळलं तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं म्हणणं, सरकारदरबारी आपलं नाव कुत्रा म्हणून लागलं. मी म्हटलं, असोसिएशन म्हणजे सरकार नव्हे. तो म्हणाला, "ताई, सुरुवात अशीच होते."

परवानगी मिळाली, दोन अटींवर. आवाज करणारी सर्व माणसं बंद दाराआडच्या पत्त्यांच्या खोलीत बसतील. आणि विजेच्या फ्यूजचं कपाट कुलूपबंद राहील, किल्ली डेबराकडे. या घोळात पहिला शनिवार गेला, दुसरा गेला. उरला आठ नोव्हेंबरचा. बाबांच्या विमानाच्या आदला दिवस.

दाराआडची अट उलट पथ्यावर पडली. नकुलनं वॉल्टरच्या तळघरातून त्यांचा लहानपणचा लाकडी रेडिओ आणला, आतला मेलेला जीव काढून नवा स्पीकर बसवला, आणि बटण तेच ठेवलं. तिकडे खोलीत मंडळी बोलणार, इकडे हॉलमध्ये रेडिओतून आवाज येणार. वॉल्टर शनिवारी चार वाजता जाकीट आणि टाय घालून आले. बाबांनी हात धरून त्यांना रेडिओसमोर बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. मागे पंचेचाळीस मराठी माणसं. भिंतीकडेला लांब टेबल, त्यावर नऊ इलेक्ट्रिक कुकर, नऊ वायरी. साबुदाणा खिचडी गार झालेली आमच्या लोकांना चालत नाही.

वॉल्टरनी बटण फिरवलं. दार करकरलं. बुटांचे आवाज आले. आणि माझी मुलगी, जी घरात मला 'हं' यापलीकडे उत्तर देत नाही, ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ट्रुथ कॅन वेट. आय कान्ट." वॉल्टरची पाठ खुर्चीत ताठ झाली.

माझा 'आह' उत्तम झाला. माझं काम पहिल्याच दोन मिनिटांत संपल्यामुळे मी मागच्या दारानं हॉलमध्ये येऊन उभी राहिले, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पिठाचं पोतं धप्पकन पडलं. परीक्षितनं साबण विकला. कुमारचं डॉक्टरी खोटं इतकं छान वठलं की बाबांनी वॉल्टरच्या कोपराला हळूच ढोसलं. कुमार भुंकला, तेव्हा मागच्या रांगेतलं एक खरं बाळ रडलं. आणि मग शांतता. पेनिंग म्हणाला, "तुमच्यापैकी एकजण आज माझ्याशी खोटं बोलला, आणि ती व्यक्ती म्हणजे—"

इतक्यात जाहिरात आटोपून मोकळ्या झालेल्या माझ्या नवऱ्याला वाटलं, आता शेवटच आहे, लोकांना चहा गरम मिळावा. त्यानं दहावा प्लग लावला. चहाच्या मोठ्या पिंपाचा.

टक्.

नऊ कुकरांचे दिवे गेले. पंखे थांबले. रेडिओ गप्प झाला.

मी परीक्षितकडे बघितलं. त्यानं हातातला प्लग असा धरला होता, जणू तो कोणीतरी त्याला सांभाळायला दिलाय. फ्यूजच्या किल्लीसाठी डेबराला फोन लावला; ती पाऊण तासाच्या अंतरावर कुठेतरी होती.

वॉल्टरचा हात बटणावर गेला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग त्यांनी रेडिओच्या लाकडावर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाले, "कोणीतरी इस्त्री लावली."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. म्हातारा हसत होता खरा, पण तळवा काही उचलत नव्हता. मी पत्त्यांच्या खोलीकडे निघाले, मंडळींना बाहेर बोलवायला. बाबांनी हात वर केला. "थांब, नीलू."

ते उभे राहिले. कोट नीट केला. छत्तीस वर्षं ज्या माणसानं एक पायरी खाली बसून ऐकलं, तो क्लबहाऊसच्या गालिच्यावर उभा राहून बोलायला लागला. "इन द मॅटर ऑफ द पियानो ट्यूनर. धिस कोर्ट हॅज हर्ड ऑल पार्टीज." मुद्दा एक, मुद्दा दोन. पाऊल न टाकल्याचं विधान. मुकी पट्टी. इंग्रजी कोर्टाचं होतं, व्याकरण साताऱ्याचं होतं, पण आवाज असा की खिचडी वाढून घेणाऱ्या बायका डाव हातात धरून उभ्या राहिल्या. "देअरफोर," बाबा म्हणाले, "द डॉक्टर. अँड द लेडी इज ॲक्विटेड विथ ऑनर."

टाळ्या पडल्या. वॉल्टरनी तळवा उचलला.

त्याच वेळी पत्त्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि शोभनाकाकू बाहेर आल्या. डोळे पाण्यानं भरलेले, पदर हातात, मागे कुमार, नकुल आणि आन्यासुद्धा हेलावलेले. खोलीत दिवे लावलेलेच नव्हते, त्यामुळे वीज गेल्याचं आत कोणाला कळलंच नव्हतं. काकूंनी बंद माइकसमोर आयुष्यातला सर्वांत मोठा कबुलीजबाब दिला होता.

"आय किल्ड हिम!" त्या हॉलला म्हणाल्या. "आवडलं का?"

"काकू, तुम्ही सुटलात," मी म्हटलं.

"सुटले? कोणी सोडलं मला?"

"बाबांनी. डॉक्टरनं केला."

कुमारचा चेहरा पांढरा पडला. "कोणी म्हटलं? रेकॉर्ड झालं का?"

"लाइट गेलेत, काही रेकॉर्ड नाही झालं."

"थँक गॉड."

"मी पुन्हा करून दाखवते," काकू म्हणाल्या, मग डोळे पुसत म्हणाल्या, "नाही, पुन्हा नाही येणार तसं. तुमच्या त्या चहानं माझा खून घालवला हो, परीक्षित."

आणि या सगळ्यात वॉल्टर आमच्या दिशेनं मान वळवून ऐकत होते. आन्यानं त्यांना भराभर समजावलं. ते मन लावून ऐकून म्हणाले, "म्हणजे खालच्या कोर्टात दोन निकाल."

"माझा कायदेशीर आहे," बाबा म्हणाले.

"असेल. पण मला पटला नाही, एक्नाथ." वॉल्टरनी टाय सैल केला. "भाचा. त्याची छत्री ओली होती, आणि त्या दिवशी पाऊस नव्हता. तू छत्रीचा उल्लेखही केला नाहीस. मी अपील करणार."

बाबा इतके खूश झालेले मी आईच्या हातच्या पुरणपोळीनंतर पाहिले नव्हते. "अपील! नव्वद दिवसांची मुदत असते, वॉल्टरसाहेब."

"तू तर उद्या चाललास."

"मे महिन्यात येईन. विलंब माफीचा अर्ज करा, मी मंजूर करतो."

"सीरियल आण," वॉल्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रंथालयाची ईमेल आली. यंत्राची नाही, माणसाची. शेवटच्या भागाचं शेवटचं पान सापडलं, सोबत जोडलंय. खाली ती चिकटवलेली फाइल. मी तिच्याकडे किती वेळ बघितलं ते सांगत नाही. चुका शोधण्यावर माझं पोट आहे. उघडं राहिलेलं प्रकरण मला जेवू देत नाही.

बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी दोन्ही हात आडवे धरले. "उघडू नकोस. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. मे महिन्यापर्यंत कोणी बोलायचं नाही. वॉल्टरसाहेबांना मात्र सांग. त्यांचा हक्क आहे."

मी फोन हातात घेऊन शेजारी गेले. वॉल्टर खिडकीशी बसले होते, मांडीवर बाबांनी कुरियरनं पाठवलेला चिवडा. मी सांगितलं, कागद आलाय, आत्ता वाचून दाखवते.

त्यांचा चमचा थांबला. "एक्नाथनं वाचलाय?"

"नाही."

शहात्तर वर्षं माझ्या हातातल्या फोनमध्ये होती, बोटाच्या एका टिचकीवर. मग ते म्हणाले, "त्याच्याशिवाय मी भांडू कुणाशी?" आणि थोड्या वेळानं, जुन्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करत, "सत्य थांबू शकतं."

वाक्याचा उरलेला अर्धा भाग आम्हा दोघांनाही पाठ होता. ते तो बोलले नाहीत. मीही नाही. मी त्यांच्या डब्यातला मूठभर चिवडा खाल्ला आणि घरी आले.

काल मी क्लबहाऊसचा फॉर्म भरला. शनिवार, तेवीस मे. कार्यक्रमाचं स्वरूप : 'अपील. एक.' शस्त्रं : 'लागू नाही.' प्राणी : 'लागू नाही. श्री. कुमार प्रेक्षक म्हणून येतील.' विजेची उपकरणं : 'रेडिओ, एक. चहा घरून थर्मासमध्ये. नवरा हॉलच्या बाहेर.'

चाळीस मिनिटांत डेबराचा फोन आला. आवाज पुन्हा हळुवार होता.

"नीलांबरी, शेवटचा रकाना कोरा आहे. 'निष्पन्न काय होईल?' तू कधी असं सोडत नाहीस. चुकून राहिला का?"

"नाही," मी म्हटलं. "राहू दे तसाच."